फ्लॅट स्ट्रक्चरवाल्या कंपनीत शेवटचा शब्द नक्की कोणाचा असतो?

बाणेरकर_बॅकएंड

नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत वाचनमात्रच होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आधी एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत होतो, तिथलं तुम्हाला माहितीच आहे, टीम लीड, त्याच्यावर प्रोजेक्ट मॅनेजर, त्याच्यावर डिलिव्हरी मॅनेजर, त्याच्यावर अजून कोणीतरी ज्याचं दर्शन फक्त टाउनहॉलला. एक दिवसाची सुट्टी टाकली तरी दोन ठिकाणी अप्रूव्ह व्हायला लागायची, क्लायंटला साधा मेल करायचा तर आधी लीडला ड्राफ्ट दाखवा. या सगळ्याला वैतागून एका प्रॉडक्ट स्टार्टअपमध्ये आलो, सत्तरेक माणसं असतील. इंटरव्ह्यूतच सांगितलं होतं की आमच्याकडे हायरार्की नाही, डेझिग्नेशन नाही, सगळे एकाच लेव्हलला, फाउंडरलाही नावानेच हाक मारायची. मी खूष.

आता झालंय काय ते ऐका. पेमेंट मॉड्यूलचा डेटाबेस बदलायचा होता. मी डॉक्युमेंट लिहिलं, चॅनेलवर टाकलं, विचारलं की बाबांनो कोण अप्रूव्ह करणार. थम्सअपचा पाऊस पडला आणि उत्तर एकच, "तू बघ ना, ओनरशिप घे." घेतली. काम होऊन टेस्टिंग चालू झालं आणि मग आमच्यातलाच एक जण, कागदावर माझ्याच बरोबरीचा पण फाउंडरचा कॉलेजमधला रूममेट, येऊन म्हणाला हे नको, रोलबॅक कर, म्हणजे होतं तसं परत कर. का नको ते धड सांगितलं नाही. फाउंडरकडे गेलो तर तो म्हणे तुम्ही दोघं बसून ठरवा, मी मध्ये पडत नाही, इथे कोणी कोणाचा बॉस नाही. बसलो. काय ठरलं ते सांगायला नकोच.

अप्रेझलचंही तेच. सगळ्यांकडून पीअर फीडबॅकचा फॉर्म भरून घेतात पण हाइकचा, म्हणजे पगारवाढीचा, आकडा कोण टाकतं हे अजून मला कळलेलं नाही, विचारलं की "सिस्टिममधून येतं". घरी वेगळीच तऱ्हा, आईने स्थळांसाठी बायोडेटा करायला घेतलाय, हुद्द्यासमोर काय लिहू म्हणाली, मी म्हटलं मेंबर ऑफ टेक्निकल स्टाफ, तर ती म्हणे असं लिहिलं तर कॉलेजच्या लॅबमध्ये आहेस वाटेल.

हातात सध्या एका परदेशी बँकेच्या खराडीतल्या टेक सेंटरची ऑफर आहे, मॅनेजर ग्रेड, हाताखाली चार जण, पगार थोडाच जास्त. परत त्याच पायऱ्या मोजायला जायचं का? आणि खरोखर फ्लॅट चालणारी जागा कुठे असते का, का सगळी इंटरव्ह्यूपुरती बडबड? ज्यांनी दोन्हीकडे काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

काटेकोर_किरण

धागाकर्ते, तुमच्याकडे बॉस आहे, फक्त त्याच्या दारावर पाटी नाही. पाटी असलेल्या बॉसपेक्षा हा वाईट, कारण पाटीवाल्याच्या विरोधात निदान त्याच्या वरच्याकडे जाता येतं. याच्या वरचा कोण? कोणीच नाही, कारण तो बॉसच नाही ना!

आणि हे काही तुमच्याच नशिबी आलेलं नाही. व्हॉल्व्ह माहीत असेल, गेमवाली, स्टीम ज्यांचं. २०१२ मध्ये त्यांचं नव्या माणसांसाठीचं हँडबुक नेटवर फुटलं होतं, त्यात लिहिलेलं की इथे कोणी कोणाला रिपोर्ट करत नाही, टेबलांना चाकं लावलीत, ज्या प्रोजेक्टवर काम करावंसं वाटेल तिकडे टेबल ढकलत न्या. आमच्या ऑफिसात तेव्हा ती पीडीएफ भक्तिभावाने फिरत होती. पुढच्याच वर्षी तिथून काढून टाकलेली हार्डवेअर इंजिनीयर जेरी एल्सवर्थ एका मुलाखतीत बोलली की वरून सपाट दिसतं पण आत ताकदवान लोकांचा एक न दिसणारा थर आहे आणि सगळा कारभार शाळेतल्या टोळक्यांसारखा चालतो. गिटहब, प्रोग्रामर लोक कोड ठेवतात ती साइट, तिथेही मॅनेजर नव्हते, २०१४ मध्ये एका महिला इंजिनीयरने छळाबद्दल जाहीरपणे सांगितलं, मोठा गदारोळ झाला, आणि मग त्यांनी मधली मॅनेजरांची फळी उभी केली. तक्रार नेमकी कोणाकडे करायची हा प्रश्न शेवटी येतोच, आज तुमचा डेटाबेसचा आहे, उद्या एखाद्या मुलीचा दुसरा कसला असेल.

गूगलने तर २००२ मध्ये इंजिनीयरिंगमधले मॅनेजरच काढून बघितले होते. काही महिन्यांत लोक खर्चाची बिलं आणि आपसातली भांडणं घेऊन थेट संस्थापक लॅरी पेजच्या दारात. गुंडाळलं मग. झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीने २०१५ मध्ये लोकांना सांगितलं की ही बिनमॅनेजरची पद्धत पटत नसेल तर पैसे घ्या आणि जा, तर सुरुवातीलाच १४ टक्के माणसं उठून गेली.

माझं मत, खराडी गाठा.

खेडचा_गणपा

किरणराव सगळी अमेरिकेचीच उदाहरणं दिलीत, दादरला उतरला असतात तरी चाललं असतं.

माझे थोरले चुलते डबेवाले होते, आमच्या खेड मावळ जुन्नर पट्ट्यातली निम्मी घरं त्या धंद्यावर उभी राहिली. डबेवाल्यांवर मॅनेजमेंटवाले भाषणं ठोकतात, हार्वर्डने २०१० मध्ये केस स्टडी केली वगैरे, पण ती ऐकणाऱ्यांना वाटतं तिथे सगळे भाऊभाऊ आणि कोणी वरिष्ठ नाही. अहो मुकादम असतो की! वर असोसिएशनची कमिटी, मध्ये मुकादम, खाली डबेवाला, झाल्या तीन पायऱ्या. पण हा मुकादम केबिनमध्ये बसणारा नाही, तो बहुतेक जुना डबेवालाच, कोणी आलं नाही तर स्वतः लाईन उचलणार, डबे लावताना समोर उभा, गिऱ्हाईकाचं भांडण तो मिटवणार, दोन डबेवाल्यांची जुंपली तर तेही तोच. गटातले सगळे भागीदार, महिन्याचा खर्च काढून उरेल ते वाटून घ्यायचं. टोपी नाही घातली, कामावर पिऊन आला, की दंड, आणि तो दंड किती हे आधीपासून सगळ्यांना तोंडपाठ.

मला विचाराल तर ते चालतं याचं कारण समानता बिमानता नाही, काम ठरलेलं आहे. झाकणावर खूण आहे, कुठल्या स्टेशनला उतरायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला. चर्चगेटला गाडी लागली की मीटिंग घ्यायची वेळच येत नाही. तुमच्या डेटाबेसच्या झाकणावर काय लिहिलं होतं? काहीच नाही. मग रूममेट येऊन लिहिणारच.

(कोविडमध्ये ऑफिसं बंद पडली आणि माणसं खूप कमी झाली, आमचे बरेच जण गावाला परतले ते परतलेच. ते जाऊदे, विषय वेगळा आहे.)

गिरगावची_मंदा

गणपा +१. लिज्जतचंही तसंच आहे. १९५९ ला गिरगावात गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, आजही लाटणारी प्रत्येक जण बहीण आणि मालकीण. पण म्हणून शाखेत संचालिका नाही असं नाही! सकाळी मळलेलं पीठ घ्यायचं, घरी लाटायचं, वाळवून दुसऱ्या दिवशी आणून द्यायचं, तिथे पापड तपासून, वजन करून घेणार आणि लाटण्याचे पैसे लगेच हातात. कच्चा किंवा जाडा लाटला असेल तर तोंडावर सांगणार, तेव्हा मालकीण आहे म्हणून सूट नाही. संचालिका पण लाटणाऱ्यांमधूनच होते. माझी आई बरीच वर्षं लाटायची, तिला कधी प्रश्न पडला नाही की कोणाचं ऐकायचं.

बाणेरकर_बॅकएंड

सगळ्यांचे आभार. गणपाभाऊ झाकणाचं एकदम पटलं. पण माझी शंका अशी की पापड आणि डबे रोज तेच असतात, आमच्याकडे रोज नवीनच काहीतरी, सगळं आधी कसं लिहून ठेवणार? आणि जुन्या कंपनीत सगळं लिहिलेलं होतं तरी काम पुढे सरकत नव्हतंच की, एका सर्व्हरच्या परवानगीला महिना जायचा, प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवायचा.

चावडीवरून

मी महसूल खात्यात. आमच्याइतकी उतरंड कुठे नाही त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

वर बोट दाखवतात हे शंभर टक्के खरं. आमच्याकडे फाईल खालून वर जाते आणि "चर्चा करावी" असा शेरा घेऊन परत खाली येते, चर्चा कोणी कोणाशी करावी ते लिहिलेलं नसतं. बदली झाली की नवीन साहेब पुन्हा पहिल्यापासून. पण दुसरी बाजू पण बघा. शेतकऱ्याच्या जमिनीचा फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, घ्या. तलाठ्याने, म्हणजे हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, नोंद धरली, संबंधितांना नोटिसा गेल्या, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करणार किंवा रद्द. नाही पटलं? जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २४७, प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील, मुदत ६० दिवस. तिथे हरलात तर त्याच्या वर जिल्ह्याला. उशीर होईल, चपला झिजतील, सगळं कबूल, पण ज्याने तुमच्या विरुद्ध निकाल दिला त्याचं नाव, सही, तारीख आणि कारण कागदावर आहे. त्याच्या चुलतभावाला तुमची जमीन हवी असेल तरी त्याला कारण लिहावंच लागतं आणि लिहिलेलं कारण वरच्याला खोडता येतं.

तुमच्या रूममेटने कारण लिहून दिलं होतं का? नसेल दिलं तर पहिलं काम ते करा. बोलायला नका जाऊ, मेल टाका, "आपल्या बोलण्यानुसार अमुक काम मागे घेत आहे, कारण कळवावे." आमच्याकडे भलेभले साहेब लेखी म्हटलं की मऊ होतात.

गौरी_आइंडहोवन

मी नेदरलँड्समध्ये आहे, इथल्या फ्लॅट कल्चरचं भारतात फार कौतुक असतं म्हणून लिहिते. आल्या आल्या मीही थक्क झाले होते, डायरेक्टर स्वतः कॉफी घेऊन येतोय, नवीन पोरगा भर मीटिंगमध्ये त्याला तुझा प्लॅन चुकीचा आहे म्हणतोय आणि कोणाच्या कपाळाला आठी नाही. हॉफस्टेड म्हणून इथलेच एक संशोधक होते, त्यांनी आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून लोक अधिकाराचं अंतर किती चालवून घेतात याचे आकडे काढले, त्यात भारत ७७ आणि नेदरलँड्स ३८. म्हणजे आपण साहेबाला साहेब म्हणत मोठे झालेलो, आपल्याकडे नुसतं "नावाने हाक मारा" सांगून काही होत नाही, तोंडाने रोहित म्हणतो आणि मनात सर चालू असतं.

पण माझ्या मॅनेजरने काय ठरवायचं आणि मी काय ठरवायचं याबद्दल इथे कणभर गोंधळ नाही. वाद कितीही घाला, सहमतीसाठी मीटिंगा तर इतक्या की जीव नको होतो, पण शेवटी ठरवणारा माहीत असतो. शिवाय पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याने कर्मचाऱ्यांचं निवडून दिलेलं मंडळ लागतं, कंपनीला मोठे बदल करताना त्यांचं मत घ्यावंच लागतं. हे भारतातल्या फ्लॅटवाल्यांनी कॉपी केलेलं मी अजून पाहिलं नाही, बीनबॅग मात्र केल्या.

आता खरोखरची बिनमॅनेजरची संस्था विचारली होती म्हणून सांगते, ब्यूर्टझोर्ख. घरी जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या नर्सेसची संस्था, योस द ब्लोक नावाच्या नर्सनेच काढलेली (पुरुष आहे, नर्सच आहे), आता हजारोंनी नर्सेस आहेत. एका टीममध्ये जास्तीत जास्त बारा. ड्यूट्या कशा लावायच्या, नवीन कोणाला घ्यायचं, कोणाचं काम बरोबर नाही हे तोंडावर कोण सांगणार, सगळं टीमच बघते. आमच्या शेजारच्या आजींकडे त्या येतात, कुठली बाई कधी येणार ते बायकाच आपसात ठरवतात, वरून कोणी वेळापत्रक पाठवत नाही. अडलं तर कोच असतो पण त्याला आदेश द्यायचा अधिकारच नाही, तो फक्त बसून बोलतं करतो. बाणेरकर, तुमची शंका होती ना रोज नवीन काम असेल तर काय, तर इथे प्रत्येक पेशंट वेगळाच असतो, तरी जमतं, कारण टीम बाराच्या वर गेली की तोडतात आणि दुसरी करतात. सत्तर जणांच्या एका चॅनेलवर थम्सअप मागत बसत नाहीत.

चाकण_बी_शिफ्ट

आयटीवाल्यांनो तुमची मजा आहे, डेटाबेस रोलबॅक करता येतो. आमच्याकडे बोट गेलं की गेलं.

मी मेंटेनन्सला आहे. वेल्डिंगचं काम काढायचं तर हॉट वर्क परमिट लागतं, करणाऱ्याची सही, ज्याचा एरिया त्याची सही, सेफ्टीवाल्याची सही, आजूबाजूला ऑईलचे ड्रम वगैरे हलवले का, एक्स्टिंग्विशर ठेवला का, काम संपल्यावर अर्धा तास कोण थांबून बघणार, सगळं त्या कागदावर. इथे फ्लॅट बिट कोणी बोलला तर त्याला गेटबाहेर काढीन मी. पण त्याच कागदाच्या खाली लिहिलंय की धोका वाटला तर कोणीही काम थांबवू शकतो. कोणीही म्हणजे कॉन्ट्रॅक्टवरचा हेल्पर पण. आणि थांबवलंय आमच्या एका हेल्परने, प्लँट हेड समोर उभे होते, पोरगा थरथरत होता पण म्हणाला साहेब गॅसचा वास येतोय. बघितलं तर होजला चीर. नंतर सगळ्यांसमोर प्लँट हेडनी त्याला बक्षीस दिलं, रक्कम फार नव्हती पण त्या दिवसापासून बाकीच्या पोरांची तोंडं उघडली.

सुरू करायला तीन सह्या, थांबवायला एकही नाही. माझ्या मते एवढंच पाहिजे. विमानवाल्यांना हे शिकायला १९७७ चा टेनेरिफचा अपघात लागला, धुक्यात दोन जंबो एकमेकांवर आदळले, ५८३ माणसं गेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानातला फ्लाइट इंजिनीयर म्हणाला होता, समोरचं विमान रनवेवरून निघालं नाहीये का, कॅप्टन खूप सीनियर, त्याने उडवून लावलं आणि इंजिनीयर गप्प बसला. त्यानंतर कॉकपिटमध्ये ज्युनियरने कसं बोलायचं आणि कॅप्टनने कसं ऐकायचं याचं रीतसर ट्रेनिंग आलं. कॅप्टन मात्र कॅप्टनच राहिला, विमानात मतदान घेत नाहीत.

काटेकोर_किरण

चाकणसाहेब, मान गये. खराडी गाठा हे मी जरा मागे घेतो, पूर्ण नाही.

एचआर_पण_माणूस

जास्त वेळ नाही, कामाचं तेवढं सांगते.

बाणेरकर, ऑफर ज्या सेंटरची आहे तिथल्या हायरिंग मॅनेजरशी अजून एक कॉल मागून घ्या, देतात. "तुमच्याकडे कल्चर कसंय" असलं काही विचारू नका, त्याचं उत्तर आम्ही पाठ केलेलं असतं. विचारायचं ते असं, की गेल्या सहा महिन्यांत टीममध्ये कुठल्या टेक्निकल गोष्टीवरून वाद झाला आणि तो कसा मिटला, शेवटचा शब्द कोणाचा होता. माझ्या हाताखालच्या चौघांची हाइक मी ठरवणार का फक्त रेटिंग सुचवणार, आणि बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरावीक टक्के लोकांनाच वरचं रेटिंग द्यायच्या साच्यात, बसवायला ते वर कोण बदलतं. पन्नास हजारांचं टूल घ्यायचं तर पुण्यात सही होते का लंडनहून यावी लागते. माणूस उत्तर देताना अडखळला तर समजून जा. परदेशी बँकांच्या सेंटरमध्ये बऱ्याचदा असं होतं की ग्रेड मॅनेजरची पण निर्णय सगळे तिकडचे, तुम्ही नुसते इथल्या चौघांच्या सुट्ट्या अप्रूव्ह करत बसणार.

आणि नुसत्या मॅनेजर या शब्दासाठी जाणार असाल तर सध्या जपून. अँमेझॉनच्या अँडी जॅसीने सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्यांना पत्र लिहिलं की मॅनेजरांच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं प्रमाण निदान १५ टक्क्यांनी वाढवायचंय, मेटाने २०२३ मध्ये मधल्या लोकांना सांगितलं की परत कोड लिहा नाहीतर बघा. एनव्हिडियाचा जेन्सन ह्वांग तर २०२४ मध्ये स्वतःच पन्नास-साठ जण थेट हाताखाली ठेवायचा. चार जणांचा मॅनेजर हे पद छाटणीच्या एक्सेल शीटमध्ये सगळ्यात आधी दिसतं, शीट बनवणाऱ्यांपैकी मीही एक आहे म्हणून सांगते. इतर लोकांना सांभाळायची खरंच आवड असेल तर जा, नाहीतर तिथे सीनियर इंजिनीयरची जागा मागा, पगार तोच ठेवून.

बाणेरकर_बॅकएंड

अपडेट देतो. चावडीवाल्या काकांचा सल्ला मानून मेल टाकला, कारण कळवावे म्हणून. दोन दिवस शांतता, मग रूममेट महाशय टेबलापाशी आले, "अरे मेल कशाला, आपल्यात असं काही नसतं." मी म्हटलं नसतं म्हणूनच टाकला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, चार ओळींचं, आणि खरं सांगायचं तर त्यातला एक मुद्दा बरोबर होता, जुन्या व्यवहारांच्या रिफंडचा विचार माझ्या डॉक्युमेंटमध्ये अपुरा होता. हे आधीच बोलला असता तर मी तेव्हाच दुरुस्त केलं असतं आणि काम फुकट गेलं नसतं.

त्याच मेलवर फाउंडरला सुचवलं की पेमेंट, इन्फ्रा आणि हायरिंग या तीन गोष्टींपुरतं तरी कोण ठरवणार त्यांची नावं लिहून टाकूया, आणि कोणाला अडवायचं असेल त्याने काम सुरू होण्याआधी लेखी अडवावं. त्याचं उत्तर, "गुड थॉट, ऑफसाइटला बोलू." ऑफसाइट, म्हणजे ऑफिसची सहल, पुढच्या महिन्यात कोलाडला आहे, राफ्टिंगमधून वेळ मिळाला तर.

खराडीवाल्यांशीही परत बोललो. टूलची सही लंडनची. हाइकबद्दल विचारलं तर म्हणे "इट्स अ कोलॅबरेटिव्ह प्रोसेस".

खेडचा_गणपा

म्हणजे सिस्टिममधूनच येतं!

एचआर_पण_माणूस

सीनियर इंजिनीयरचं विचारलंत का? आणि ऑफसाइटची वाट बघायची असेल तर त्यांच्याकडून जॉइनिंगची तारीख वाढवून घ्या, पण मेलवर घ्या, फोनवर "हो हो" म्हणतात आणि नंतर ऑफर मागे घेतात. तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस पीरियड किती आहे ते आधी बघा, नव्वद दिवस असेल तर बायआउट, म्हणजे नोटीस पूर्ण न करता निघायचे पैसे, कोण भरणार ते त्यांच्याकडून ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या.

बाणेरकर_बॅकएंड

साठ आहे. बायआउटचं विचारतो. आणि आईने बायोडेटात परस्पर "मॅनेजर" लिहून टाकलंय, आता तिला कोण सांगणार.